हळदीचं बोट

पंचांगातला दसरा गुरुवारीच होऊन गेला होता. अमेरिकेत, बॉथेलमधल्या घरी दसरा शनिवारी होता, कारण गुरुवारी केदारला रेडमंडच्या ऑफिसात दिवसभर मीटिंगा, सून हिमानीला तिची लॅब आणि नात आन्याला शाळा. शैलजाने ह्याबद्दल वाईट वाटून घेणं कधीच सोडून दिलं होतं. तीस वर्षांत देवांनाही ह्या घराची सवय झाली होती. शनिवारी बोलावलं की ते शनिवारी येत.

सकाळची पूजा यथासांग झाली होती. आता पुऱ्यांचं तेल तापत होतं, श्रीखंड फ्रीजमध्ये गार होत होतं, नवऱ्याची, अरुणची, आमटी उकळत होती, आणि शैलजा सिंकपाशी उभी राहून एक वाडगा ओल्या फडक्याने पुसत होती. कुंकू पुसलं गेलं. हळद पुसली गेली नाही. तिने पुन्हा पुसलं, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवून वाडगा जवळ धरून पाहिला, आणि फडकं खाली ठेवलं.

वाडगा रुचाचा होता. रुचा, तिची धाकटी, आठ वर्षांपूर्वी लठ्ठ पगाराची नोकरी सोडून जपानला गेली होती आणि हिरोसे नावाच्या म्हाताऱ्या कुंभाराच्या हाताखाली चार वर्षं राहून आली होती. आता वुडिनव्हिलला एक शेड भाड्याने घेऊन ती सेलाडॉनची भांडी घडवायची. आठ-नऊशे वर्षांपूर्वी चीनच्या राजदरबारासाठी तिथल्या कुंभारांनी जी निळसर हिरवी झिलई साधली होती, तिच्यामागे हिरोसेंनी सगळं आयुष्य घातलं होतं आणि आता रुचा घालत होती. रंग मुगाच्या धुवणासारखा, असं शैलजाने पहिल्यांदा पाहिल्यावर म्हटलं होतं, तेव्हा रुचा हसली होती. अरुणने म्हटलं होतं, "याला तर तडे गेलेत." तेव्हा ती हसली नव्हती.

तडे मुद्दाम आणलेले असतात, हे तिने त्यांना नंतर कितीदा तरी सांगितलं. भट्टी निवताना आतली माती आणि वरची झिलई कमी-जास्त आकसतात, झिलई टिणटिण वाजत आतल्या आत तडकते आणि भांडंभर बारीक जाळी उमटते. काही कुंभार त्या जाळीत चहाचं पाणी किंवा शाई मुरवून ती उठून दिसेल असं करतात. हिरोसे करत नसत. त्यांची जाळी कोरी असायची, भांडं उजेडाकडे कललं तरच दिसेल अशी. रुचाचीही तशीच होती. आज सकाळपर्यंत.

आता वाडग्याच्या पोटावर, जिथे शैलजाने भक्तिभावाने ओल्या हळदीचं बोट टेकवलं होतं, तिथून पिवळ्याजर्द रेघा कोळ्याच्या जाळ्यासारख्या चहूकडे पळाल्या होत्या.

"आई, तेल धुरावलं," म्हणत हिमानी आत आली आणि सासूचा चेहरा बघून तिने आधी गॅस बंद केला. "काय झालं?"

शैलजाने वाडगा तिच्यापुढे धरला.

हिमानी नागपूरची. मनात येईल ते बोलून मोकळी होणारी. त्यामुळे गेली चौदा वर्षं सासू-सुनेचं डाळीच्या फोडणीपासून आन्याच्या झोपेच्या वेळेपर्यंत सगळ्यावर वाजायचं. पण आता ती वाद घालायला थांबली नाही. तिने वाडगा हातात घेतला आणि सिंकवरच्या साबणाकडे हात नेला.

"साबण नको!" शैलजा ओरडलीच. "हळदीला साबण लागला की लाल होते. विसरलीस का?"

"ओह गॉड. हो." हिमानीने हात मागे घेतला. "पण आई, हा आज सिॲटलला जाणार आहे ना? तिच्या गुरूंना, सेन्सेईंना दाखवायचाय."

तेच तर होतं. हिरोसे ब्याऐंशी वर्षांचे झाले होते. सिॲटलच्या एका गॅलरीत त्यांच्या भांड्यांचं प्रदर्शन लागणार होतं, आणि स्वतःच्या भांड्यांशेजारी निवडक शिष्यांचं एकेकच भांडं ठेवायचं असं त्यांनी ठरवलं होतं. आज संध्याकाळी ते स्वतः मांडणी करणार होते. ज्याचं भांडं मनाला येणार नाही त्याची जागा रिकामी राहणार होती. म्हातारबुवा तसे कडक होते. पुन्हा अमेरिकेला येणं त्यांना जमणार नव्हतं. रुचाने वर्षभर भट्ट्या लावल्या आणि त्यांतून तिच्या मनासारखा हा एक वाडगा निघाला. काल रात्री ती लाकडी खोक्यात घालून तो इथे ठेवून गेली, का, तर इथून जेवून थेट पुढे जाता येईल म्हणून. शेडमध्ये बाकी भांड्यांचा पसारा होता, तिथे धक्का लागेल अशी तिला धास्ती. आईच्या घरी सुरक्षित राहील, असं म्हणाली होती.

"तुम्ही लावलंत?" हिमानीने हळूच विचारलं.

"पाटावर ठेवला होता. तू आन्याची वेणी घालत होतीस तेव्हा. ती यायच्या आत पुसून खोक्यात परत ठेवणार होते."

हिमानीला काही सांगावं लागलं नाही. दरवर्षी पाटावर सरस्वतीच्या पाटीशेजारी केदारचा लॅपटॉप असायचा, हिमानीचं लॅबचं ओळखपत्र, अरुण निवृत्त झाला तेव्हाचा त्याचा कॅल्क्युलेटर, आन्याचं व्हायोलिन. अगदी केदारच्या गाडीच्या चाकाखाली लिंबूसुद्धा असायचं. रुचाचं काहीही नसायचं. कुणी मुद्दाम वगळलं नव्हतं, कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि हेच जास्त वाईट होतं. रुचा दसऱ्याला नेमकी जेवायच्या वेळी यायची आणि ट्रॅफिकचं नाव सांगायची. ह्या वर्षी आन्याने पाटाकडे बघून सहज विचारलं होतं, "आजी, व्हॉट अबाउट रुचाआत्या?" आणि झेंडूची फुलं निवडता निवडता शैलजाचे हात थांबले होते.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. हिमानीने चपळाईने वाडगा खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि म्हणाली, "आधी जेवू देत तिला. मग बघू."

पण रुचा आली ती चपला काढून सरळ खोक्यापाशीच गेली. छत्तिशीची बाई, नखांत पांढरी माती, केस पेन्सिलीने वर खोचलेले. "एकदा बघून घेते, मग निवांत जेवते," म्हणत तिने झाकण काढलं.

स्वयंपाकघरात फक्त आमटी तेवढी रटरटत राहिली.

"हे काय आहे?"

"सॉरी यार रुचा, माझ्या हातून झालं," हिमानी एका दमात म्हणाली. "भाजीला फोडणी घालत होते ना, ते उडालं."

"तिचं काही ऐकू नकोस," आमटी ढवळायला नुकताच आत आलेला अरुण डाव हातात धरूनच बोलला. त्यालाही काय झालंय ते आत्ताच दिसत होतं, पण बायकोचा चेहरा त्याला चाळीस वर्षांचा पाठ होता. "मी आमटी चाखायला घेतली होती त्यात. हाताशी दुसरं काही नव्हतं."

तेवढ्यात केदार गराजमधून आत आला. सगळ्यांची तोंडं बघून तो दारातच थबकला. "काय झालं मला माहीत नाही," तो म्हणाला, "पण बहुतेक मीच केलं असेल."

रुचाने एकेकाकडे पाहिलं. "फोडणी, आमटी आणि दादा. सगळे एकाच वाडग्यात?"

शैलजाला त्या क्षणी आपल्या माणसांबद्दल इतकं प्रेम वाटलं की डोळे भरून आले. पण असल्या प्रेमाच्या आड लपायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

"मी लावलंय," ती म्हणाली. "हळदीचं बोट. पूजेत ठेवला होता."

"कुठे?"

"पाटावर. केदारच्या लॅपटॉपशेजारी."

"का?"

"का म्हणजे काय? दसरा आहे ना."

"दसरा दरवर्षी असतो, आई."

रुचा हे मोठ्याने बोलली नाही, म्हणूनच ते फार लागलं. केदारने जमिनीकडे पाहिलं. अरुणने डाव खाली ठेवला.

"हो. दरवर्षी असतो," शैलजा म्हणाली. "आणि दरवर्षी तुझं राहिलं. मला आधी सुचायला हवं होतं, नाही सुचलं. आज सुचलं तर हे असं करून बसले. तुला रागवायचं असेल तर रागव. पण वाडगा पाटावर ठेवला ह्याचं मला वाईट वाटत नाहीये. हळद ओली करून लावली ह्याचं वाटतंय."

 रुचाने वाडगा खिडकीशी नेला, पिवळ्या रेघांवरून अंगठा फिरवला, मग तशीच पाठमोरी उभी राहिली. तिला राग आला होता हे तिच्या मानेवरून दिसत होतं, आणि नुसता रागच आला नव्हता हेही दिसत होतं. तिचं काय चाललंय हे विचारायची हिंमत कुणी केली नाही.

"इकडे पुऱ्या लाटून ठेवल्यात आणि तेल गार," ती शेवटी म्हणाली. "आधी जेवू या. भूक लागलीये मला."

"किन्त्सुगी आहे म्हणून सांग त्यांना," केदारने धीर करून सुचवलं. "ते नाही का, तुटलेलं जोडतात, गोल्डनं."

"दादा, प्लीज. ते वेगळं, हे वेगळं. आणि तू सेन्सेईंसमोर तोंड उघडू नकोस."

सगळे हसले आणि श्वास घ्यायला मोकळे झाले.

"अगं पण, हळद आहे ती," पहिली पुरी तेलात सोडताना शैलजा म्हणाली. "उन्हात टाकली की उडते. तुझ्या लग्नातल्या, आपलं, केदारच्या लग्नातल्या हळदीचे टॉवेल नव्हते का मी गच्चीवर वाळत घातले? संध्याकाळपर्यंत पांढरे."

"करेक्ट आहे," हिमानी म्हणाली. सासूच्या म्हणण्याला इतक्या चटकन तिने दुजोरा देण्याची ही घरातली पहिलीच वेळ असावी. "कर्क्युमिन लाइट-सेन्सिटिव्ह असतं. आईंचं बरोबर आहे."

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर वॉशिंग्टन राज्यातला ऑक्टोबर महिना होता. आभाळ सकाळपासून गोधडी पांघरून पडलं होतं.

"ऊन कुठून मागवायचं?" अरुण म्हणाला. "पुण्याहून?"

जेवणं मात्र छान झाली. रुचाने तीनदा आमटी वाढून घेतली. अरुण ही आमटी निवृत्त झाल्यापासून करत होता. आईच्या हातची चिंचगुळाची आमटी जमवायची एवढाच त्याचा ध्यास. ती कधीच तशी जमत नव्हती आणि तो कधीच थांबत नव्हता. दर वेळी पहिला भुरका मारून तो म्हणायचा, "जवळ आली होती." आजही म्हणाला.

श्रीखंडाचा शेवटचा चमचा तोंडात असतानाच आन्या ओरडली, "आजोबा, सन!"

डेकच्या कठड्यावर उन्हाचा एक हातभर तुकडा पडला होता. मग जी पळापळ झाली ती काय सांगावी. केदारने घडीचं टेबल बाहेर नेलं, हिमानीने त्यावर पांढरा टॉवेल अंथरला, रुचाने दोन्ही हातांनी वाडगा आणून त्यावर ठेवला. पाच मिनिटांत ऊन सरकलं की टेबल उचलायचं. ढग आला की सगळ्यांनी मिळून ढगाला नावं ठेवायची. शेजारचा डेव्ह कुंपणावरून बराच वेळ बघत राहिला आणि हात हलवून आत गेला. भारतीय लोकांचा सण आहे, असं त्याला वाटलं असणार, आणि ते खरंच होतं.

थोड्या वेळाने अरुणने खुर्ची ओढली. "टेबल नको. मी धरतो. हातात हवा तसा फिरवता येईल."

"बाबा, नीट धरा हं," रुचा म्हणाली आणि त्याच्यासमोर डेकच्या पायरीवर बसली.

अरुणने वाडगा दोन्ही तळव्यांत घेतला. डागाची बाजू उन्हाकडे, मग किंचित डावीकडे, मग किंचित वर. शैलजा दारात उभी राहून बघत होती. आठ वर्षांत ह्या माणसाने मुलीचं एकही भांडं असं धरलं नव्हतं. छान आहे म्हणायचा, खाली ठेवायचा, आणि मग 'चिनी भांड्याची जपानी नक्कल आणि ती बॉथेलमध्ये' असा विनोद करायचा. आता हळद उडेपर्यंत त्याची सुटका नव्हती. तो बघत होता, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून बघत होता, आणि बघता बघता त्याचा चेहरा बदलत गेला.

"रुचा," तो म्हणाला, "हा आतून उजळल्यासारखा का दिसतो गं?"

"झिलई जाड आहे ना. बरेच थर दिलेत. आत अगदी बारीक बुडबुडे असतात, उजेड त्यांच्यात अडकून राहतो."

"आणि हे त्या चिन्यांना तेव्हा जमलं होतं?"

"ह्याहून चांगलं जमलं होतं. आम्ही अजून त्यांच्या मागेच आहोत. सेन्सेई म्हणतात, जवळ आलो होतो."

अरुणने मान वर केली.

"तुम्ही नेहमी नक्कल म्हणता," रुचा म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. "तुमची चिंच इथल्या दुकानातली, गूळ इथला, पाणीसुद्धा इथलं. तरी दर शनिवारी तुम्ही आजीच्या आमटीच्या मागे असता. ती काय नक्कल असते?"

 अरुणने वाडगा पुन्हा उन्हाकडे कलता केला. "नाही," तो म्हणाला. "आणि ते तडे... ते मी बोललो होतो ना तेव्हा. ते मूर्खासारखं बोललो. हे बघ, इथे दिसतात. किती सुंदर आहेत."

रुचाने नाक पुसलं आणि ढग आलाय का ते बघत असल्याचं नाटक केलं. शैलजा आत वळली. मोठ्या माणसांना रडताना बघू नये, विशेषतः आपल्या नवऱ्याला.

दिवस कलला तेव्हा पिवळ्या रेघा जवळजवळ गेल्या होत्या. एक उरली होती, वाडग्याच्या बुडापाशी, केसाएवढी. माहीत नसेल त्याला दिसली नसती. हिरोसेंना दिसली असती.

"माझ्या लॅबमध्ये यूव्ही लॅम्प आहे," हिमानी गाडीची किल्ली शोधतच म्हणाली. "दहा मिनिटांवर तर आहे. ह्याला असा वरून धरला की अर्ध्या तासात क्लीन. चल, मी ड्राइव्ह करते."

रुचाने वाडगा हातात घेऊन ती रेघ पाहिली. जरा जास्तच वेळ पाहिली.

"राहू दे वहिनी," ती म्हणाली.

"अगं राहू दे काय! ते ठेवणार नाहीत मग."

"बघू. विचारतील, हे काय म्हणून. खरं ते सांगीन."

"काय सांगशील?" शैलजाने भीत भीत विचारलं.

"माझ्या आईने लावलंय, म्हणून."

तिने वाडगा कापडात गुंडाळला, खोक्यात ठेवला, फितीची गाठ मारली आणि खोका घेऊन बाहेर गेली. अरुणने तिच्या हातात सोनं म्हणून अंगणातल्या झाडाचं एक पान कोंबलं. डिकी उघडल्याचा आवाज आला. शैलजा दारातच उभी राहिली. तिला आनंद झाला होता आणि धाकधूकही होत होती. एका रेघेपायी पोरीची जागा रिकामी राहिली तर, हा विचार काही केल्या जाईना. गाडी सुरू झाल्याचा आवाज येईल म्हणून ती वाट बघत होती.

गाडी सुरू झाली नाही. रुचा परत आली. तिच्या हातात एक प्लॅस्टिकची बादली होती, बाहेरून आतून मातीने लडबडलेली. तिने ती घेऊन सरळ देवापाशी जात गुडघे टेकले आणि पाटावर जागा करायला सुरुवात केली. केदारचा लॅपटॉप बाजूला सरकवला. बादलीतून बांबूच्या कोरण्या निघाल्या, माती कापायची तार, झिजून अर्धा झालेला स्पंज, एक लाकडी फळी. सगळ्यांवर पांढरी माती सुकून बसलेली. तिने ते एकेक करून पाटावर मांडलं.

"वाडगा काय, आज आहे आणि उद्या कुणाच्या तरी घरी जाईल," ती म्हणाली. "माझं रोजचं हे आहे. ह्यांना लाव. ओली करून लाव, ह्यांना डाग पडले तरी चालतात."

शैलजाने हळदीच्या कोयरीत पाण्याचे दोन थेंब टाकले. प्रत्येक वस्तूला एक बोट हळदीचं आणि एक कुंकवाचं. सुकलेली माती हळद झटकन पिऊन टाकत होती. तारेला कुठे लावावं ते कळेना, तेव्हा रुचाने तिची लाकडी मूठ पुढे केली. मागे केदार, हिमानी, अरुण, आन्या येऊन उभे राहिले होते, आणि ह्या घरात क्वचित घडणारी गोष्ट घडत होती: कुणीच काही बोलत नव्हतं.

शेवटचं कुंकू लावून झाल्यावर शैलजाला एकदम आठवलं. "अगं, वाडग्याचा नाइलाज होता, पण पाटावर ठेवलेलं आजच्या दिवस उचलायचं नसतं. तुला उद्या लागतील ना ही?"

"लागतील," रुचा म्हणाली. ती उठली, गुडघ्यावरची माती झटकली आणि वाकून आईच्या पाया पडली. "माहीत आहे मला नियम. म्हणून तर सगळी बादलीच आणली. उद्या सकाळी घ्यायला येते. पोहे कर."